आई गाते गाणी, बाबा उबवतात अंडी!

ऐक ना, दोस्त! तुझ्यासाठी एक कोडं आणलंय.

संध्याकाळची वेळ आहे. तळ्याच्या काठाला चिखल आहे, थोडं गवत आहे. त्या चिखलात दोन पक्षी उभे आहेत. एक भलताच ऐटबाज! मान आणि छाती गडद तांबूस. डोळ्याभोवती पांढराशुभ्र पट्टा. दुसरा अंगाने थोडा लहान. रंग मातकट. पंखांवर फिकट पिवळे ठिपके. गवतात बसला तर सापडायचाच नाही!

सांग पाहू, यातला नर कोण आणि मादी कोण?

तू म्हणशील, "हॅ! हे तर सोप्पं आहे. रंगीत तो नर. मोर नाही का रंगीत असतो? आणि लांडोर साधी!"

चूक! साफ चूक!

ती जी ऐटीत उभी आहे ना, ती मादी आहे. आणि तो मातकट, बुजरा, गवताकडे सरकणारा पक्षी म्हणजे नर!

या पक्ष्याचं नाव रंगीत पाणलावा. महाराष्ट्रातल्या दलदलींत, भाताच्या खाचरांत, तळ्याकाठच्या गवतात तो राहतो. दिवसभर लपून बसतो आणि अंधारून आलं की बाहेर पडतो. म्हणून तर तो पुष्कळांच्या नजरेलाच पडत नाही.

पण मग मोराचं एक आणि पाणलाव्याचं भलतंच, असं का?

थांब, थांब. उत्तर लगेच नाही सांगायचं! आधी तळ्याला एक चक्कर मारू. उत्तर तळ्यातच आहे. जरा इकडे, जरा तिकडे, असं विखुरलेलं. आपण ते गोळा करत जाऊ.

पहिली गाठ बदकांची.

समज, थंडीचे दिवस आहेत. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर म्हण, पुणे जिल्ह्यातलं भिगवण म्हण, नाहीतर तुझ्या गावाबाहेरचा पाझर तलाव म्हण. पाण्यावर बदकांचे थवे उतरलेत. कुठून आलेत माहीत आहे? मध्य आशियातून, सायबेरियातून! हजारो किलोमीटर उडून! तिकडे तळी गोठतात. मग खायचं काय? म्हणून ही मंडळी आपल्याकडे मुक्कामाला येतात.

त्यांत एक आहे थापट्या. हा ओळखायला अगदी सोपा. फक्त चोच बघायची! टोकाला रुंद आणि चपटी, स्वयंपाकघरातल्या कालथ्यासारखी. त्या चोचीच्या कडांना बारीक बारीक दाते असतात. थापट्या चोचीत पाणी घेतो, बाजूने सोडून देतो आणि आतले बारीक जीव नि बिया तेवढ्या ठेवून घेतो. म्हणजे कालथा आणि चाळणी, दोन्ही एकातच!

आता दोन थापटे शेजारी शेजारी पोहताहेत. एकाचं डोकं गडद हिरवं, उन्हात चमकणारं. छाती पांढरीफेक. कुशी विटकरी. दुसरं बदक तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं. नुसतं पाहिलं तर वाटेल, ही दोन वेगळ्या जातींची बदकं आहेत. पण चोच बघ. कालथा दोघांकडेही आहे! हिरव्या डोक्याचा तो नर, ठिपक्यांची ती मादी.

इथे तुझं म्हणणं बरोबर ठरलं. रंगीत तो नर!

आता विचार कर. मादीने असा साधा पोशाख का घातला असेल?

उन्हाळा जवळ आला की ही बदकं परत उत्तरेकडे जातात. तिथे मादी घरटं करते. झाडावर नाही हं! जमिनीवर, गवतात! तिथे ती तीन आठवड्यांहून जास्त दिवस अंड्यांवर बसून राहते. एकटीच. आजूबाजूला कोल्हे हिंडत असतात. वर कावळे घिरट्या घालत असतात. लपाछपीत भडक लाल शर्ट घालून गवतात लपलं तर काय होईल? पहिल्या फेरीतच आउट! मादीला आउट होऊन चालत नाही. तिच्याखाली अंडी आहेत. म्हणून तिचा रंग सुकल्या गवताचा.

मिळाला की नाही पहिला धागा? जो अंड्यांवर बसतो, त्याला लपावं लागतं. हे लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

आणि गंमत सांगू? नरसुद्धा बारा महिने रंगीत नसतो!

बदकांची पिसं दर वर्षी गळतात आणि नवी येतात. उडायला लागणारी पंखांची मोठी पिसं तर बदकं एकदमच टाकतात. एकदम सगळी! मग काही आठवडे बदकाला उडताच येत नाही. म्हणजे धोका आला तर पळायची सोय नाही. अशा वेळी चमकतं हिरवं डोकं मिरवणं शहाणपणाचं आहे का? मुळीच नाही! म्हणून त्या दिवसांत नर आपला भारी पोशाख उतरवतो आणि मादीसारखा साधा तपकिरी होतो.

म्हणूनच ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे नव्याने उतरलेला थापट्यांचा थवा पाहिला तर सगळ्याच माद्या वाटतात. काही नर तर अर्धेमुर्धे रंगलेले, डागाडागांचे दिसतात. त्याच तळ्यावर जानेवारीत जा. ओळखणार नाहीस! तेच नर आता हिरवेगार डोकं नि पांढरी छाती घेऊन मिरवत असतात.

थंडीत तर घरटं नसतं, अंडी नसतात. मग हा नट्टापट्टा कशासाठी? कारण उत्तरेकडच्या पुष्कळशा बदकांच्या जोड्या थंडीच्या मुक्कामातच जमतात. घरटं होणार दूर उत्तरेला, पण जोडी ठरते इथे, आपल्या तळ्यावर! फेब्रुवारीत नीट बघ. थापट्याचे नर एका मादीभोवती फिरतात, डोकं खालीवर करतात, अंग ताठ करून दाखवतात. ती मात्र निवांत पोहत असते.

हा आपला दुसरा धागा. रंग असतो तो निवडून येण्यासाठी. आणि निवडणार कोण? मादी!

ही निवड किती काटेकोर असते, ते पाहायचं तर पाण्याकडून मान जरा वर कर. काठावरच्या बाभळीला, नाहीतर विहिरीवर वाकलेल्या झाडाला ती घरटी लोंबताहेत ना, ती सुगरण पक्ष्याची.

आपण सुगरण म्हणतो. पण घरटं विणणारा असतो नर! आश्चर्य वाटलं ना? पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर पिवळीधमक टोपी चढते. एरवी नर आणि मादी दोघंही चिमणीसारखे साधे दिसतात. मग हा पिवळ्या टोपीवाला गवताच्या, भाताच्या पात्यांच्या लांब चिंध्या काढतो आणि चोचीने गाठी मारत विणत सुटतो. एका घरट्यासाठी पाचशेपर्यंत फेऱ्या! आणि एवढं करून तो घरटं अर्धंच विणतो. हेल्मेट उलटं टांगावं तसं दिसतं ते.

अर्धंच का?

कारण आता तपासणी असते! माद्या येतात. आत शिरतात. इकडून ओढून बघतात, तिकडून टोचून बघतात. पसंत पडलं तर एक मादी तिथे राहते. मग नर लांब नळी विणून घरटं पूर्ण करतो. पसंत नाही पडलं तर ती भुर्रकन दुसऱ्याच्या घरट्याकडे जाते. बिचारा!

हे सगळं नीट बसून कुणी पाहिलं, माहीत आहे? डॉ. सालिम अली यांनी. १९३०च्या सुमारास ते अलिबागजवळच्या किहीम गावात राहत होते. तिथल्या सुगरणींकडे त्यांनी दिवसेंदिवस लक्ष ठेवलं. कोण आलं, कोण गेलं, काय केलं, सगळं टिपून ठेवलं. त्यांना आणखी एक गोष्ट कळली. एक घरटं पसंत पडलं, मादी त्यात राहायला आली, की हा नर लगेच जवळच दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट बघतो! पहिल्या घरट्यात अंडी उबवण्याचं काम मादीच करते, तेही एकटी. आणि तिचे कपडे साधेच. दुसरा धागा इथेही जुळला!

पण थांब. तळ्याकाठी असे पक्षीही आहेत, ज्यांच्यात आईसुद्धा झगझगीत रंगीत आहे!

तारेवर बसलेला तो छोटा खंड्या बघ. पाठ निळी, पोट नारिंगी. नर आणि मादी दोघंही तेवढेच झळाळणारे. मग मादी अंड्यांवर बसली की लगेच दिसणार नाही का?

नाही दिसत! कारण खंड्याचं घरटं असतं मातीच्या कड्यात. चोचीने उकरलेलं लांब बीळ आणि त्याच्या टोकाला अंधारी खोली. आत निळं काय नि नारिंगी काय, कुणाला दिसतंय? अंधारात सगळे सारखेच!

असं बिळात, ढोलीत घरटं करणाऱ्या कितीतरी पक्ष्यांच्या माद्या रंगीत असतात. हे आल्फ्रेड रसेल वॉलेस नावाच्या इंग्लिश शास्त्रज्ञाने दीडशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलं होतं. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा चक्रवाक बघ. अंगभर केशरी! त्याची मादीही केशरीच. कारण तेच. त्यांचं घरटं असतं लडाखसारख्या थंड, उंच मुलखात, कपारीत किंवा बिळात.

मग खंड्यात नर-मादी ओळखायचे कसे? दुर्बीण असेल तर चोच बघ. नराची चोच पूर्ण काळी. मादीच्या चोचीचा खालचा भाग नारिंगी-लाल! लिपस्टिक लावल्यासारखा! एकदा हे कळलं की पुन्हा चुकायचं नाही.

त्याचाच भाऊबंद कवड्या खंड्या. हा काळा-पांढरा. पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली कोसळून मासा धरतो. याची छाती बघ. नराच्या छातीवर काळे पट्टे दोन. मादीच्या छातीवर एकच, आणि तोही बहुतेक वेळा मध्ये तुटलेला. दोन पट्टे बाबा, एक पट्टा आई. झालं!

चक्रवाकाचं काय? नराच्या गळ्यात बारीक काळं कडं असतं. विणीच्या दिवसांत ते ठळक होतं, एरवी पुसट. मादीला कडं नाही आणि तिचा चेहरा जास्त फिकट, पांढुरका.

बघ, केवढ्याशा खुणा आहेत! पण त्या सापडल्या की किती आनंद होतो!

काही पक्षी मात्र आपल्याला पुरते चकवतात. हळदी-कुंकू बदक घे. चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि मुळाशी दोन लाल ठिपके, म्हणून हे नाव. हे आपल्याकडेच राहणारं बदक. नर नि मादी दोघंही तपकिरी, खवल्याखवल्यांचे. तासभर बघत बस, फरक सांगणं कठीणच. बगळेही असेच, टिबुकल्याही अशाच.

आणि सारस! गोंदिया जिल्ह्यात जायला मिळालं तर सारस जरूर बघ. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच पक्षी आहे हा. उभा राहिला तर चांगल्या उंच माणसाएवढा! आपल्या राज्यात आता मोजकेच उरलेत. तिथल्या जुन्या मालगुजारी तलावांच्या आणि भातशेतीच्या आधाराने ते जगताहेत. नर थोडा मोठा असतो, पण दोघं लांब लांब असतील तर तेही कळत नाही. करडं अंग, लाल डोकं, दोघांचं सारखंच.

मग? मग डोळे मिटायचे आणि कान उघडायचे! सारसांची जोडी एकत्र ओरडते, एका तालात. जणू जुगलबंदी! नर एकदा ओरडतो तेवढ्यात मादी दोनदा ओरडते. एकाला दोन, एकाला दोन. आणि ओरडताना नर आपले पंख पाठीवर उंच उचलतो. मादी पंख मिटलेलेच ठेवते. आता सांग, आहे का काही अवघड?

कानांचा हा उपयोग गावातल्या पाळीव बदकांवरही करून बघ. आपली बहुतेक पाळीव बदकं रानातल्या हिरव्या डोक्याच्या बदकांच्या वंशातली आहेत. त्यांत मोठ्याने "क्वॅक क्वॅक" करणारी असते मादी. नराचा आवाज बसलेला, घोगरा, सर्दी झाल्यासारखा. पांढरीशुभ्र बदकं असली, रंगाचा काहीच पत्ता लागत नसला, तरी आवाजावरून सांगता येतं. आणि मोठ्या झालेल्या नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली असतात, कुरळ्या केसांसारखी. पुढच्या वेळी बघच!

बरं, आपल्याला सारखे दिसतात, म्हणून ते एकमेकांनाही सारखेच दिसत असतील का?

ओळख!

नाही! आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यांत चार प्रकारच्या! आपल्याला न दिसणारे अतिनील किरणसुद्धा पुष्कळ पक्ष्यांना दिसतात. युरोपात निळ्या टोपीचा एक चिमुकला पक्षी आहे, ब्लू टिट. माणसांना त्याचे नर-मादी जवळजवळ सारखेच वाटायचे. १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी अतिनील प्रकाश मोजून पाहिला. तर काय! नराची टोपी मादीच्या टोपीपेक्षा जास्त चमकत होती. ते दोघं कधी सारखे नव्हतेच. आपलेच डोळे कमी पडत होते!

चला, चक्कर झाली. आता परत आपल्या पाणलाव्याकडे. कोडं सुटायची वेळ आली.

दोन धागे आहेत ना तुझ्याजवळ? अंड्यांवर बसतो त्याला लपावं लागतं. आणि निवडून यायचं असतं त्याला सजावं लागतं. आता तूच सांग. पाणलाव्याची मादी रंगीत आणि नर मातकट. मग अंडी कोण उबवत असेल?

बाबा! बरोब्बर!

पाणलाव्याची मादी तिन्हीसांजेला गवतातून आवाज घालते. "ऊक्... ऊक्... ऊक्..." आवाज कसा असतो ते ऐकायचंय? रिकामी बाटली घे आणि तिच्या तोंडावरून हळूच फुंकर मार. जवळजवळ तसाच! तो ऐकून नर येतो. ती पंख पसरून त्याच्यासमोर मिरवते. दुसरी मादी आली तर तिला हुसकावून लावते. मग जमिनीवर, गवताच्या आडोशाला घरटं होतं. मादी त्यात बहुधा चार अंडी घालते.

आणि मग? मग ती जाते! दुसरा नर शोधायला!

अंडी राहतात बाबांकडे. तो मातकट, ठिपक्याठिपक्यांचा बाबा गवतात बसतो आणि गवतासारखाच होऊन जातो. अडीच-तीन आठवडे तो अंडी उबवतो. पिल्लं बाहेर आली की त्यांना घेऊन हिंडतो. काही धोका वाटला तर आधी गोठल्यासारखा स्तब्ध राहतो. अगदीच कुणी जवळ आलं तर पंख पंख्यासारखे उघडून धरतो. त्यावरचे गोल गोल पिवळसर ठिपके एकदम समोर आल्यावर येणारा दचकतोच!

चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञालाही या पक्ष्याने विचार करायला लावलं होतं. सगळीकडे नर नटलेले, मग इथेच उलटं कसं? १८७१ साली त्याचं 'द डिसेंट ऑफ मॅन' हे पुस्तक आलं. त्यात माद्या जास्त रंगीत असलेल्या पक्ष्यांबद्दल त्याने लिहिलं आणि त्यांत पाणलाव्यालाही घेतलं. रंग आईचा की बाबांचा हे ठरलेलं नसतं. कामाची वाटणी उलटी झाली की पोशाखही उलटा होतो.

आणि असे कष्टाळू बाबा तळ्यात आणखीही आहेत. माझा सगळ्यांत लाडका बाबा पाहायचा तर पावसाळ्यात ये. कमळांनी किंवा शिंगाड्याच्या वेलींनी भरलेलं तळं शोध. विदर्भात भंडारा-गोंदियाकडे, कोकणात सिंधुदुर्गाकडे अशी तळी आहेत.

पानांवरून कुणीतरी चालतंय बघ! पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवरून! हा कमळपक्षी. अंग गडद चॉकलेटी, चेहरा पांढरा, मानेच्या मागे सोनेरी मखमल आणि मागे लांब, बाकदार काळी शेपटी. ही शेपटी फक्त विणीच्या दिवसांतली हं! थंडीत ती गळून जाते आणि पक्षी इतका वेगळा दिसतो की तोच हा यावर विश्वास बसत नाही.

तो बुडत का नाही? पायांची बोटं बघ. केवढी लांब! चिखलात एका पायाच्या टाचेवर उभं राहिलं तर पाय रुततो. फळी टाकून तिच्यावर उभं राहिलं तर नाही रुतत. तसंच आहे हे. वजन लांब बोटांवर, पुष्कळ जागेत वाटलं जातं आणि पान बिचारं तग धरतं.

इथे रंगाने मात्र काहीच कळणार नाही. नर आणि मादी, दोघंही तेवढेच सुंदर! म्हणजे आपला धागा इथे थोडा उसवला. निसर्गात असं होतं. मग खूण कोणती? आकार! मादी नरापेक्षा चांगलीच मोठी आणि वजनदार असते. आणि तळ्याची मालकीण तीच! तिच्या हद्दीत दुसरी मादी आली तर भांडण ठरलेलं.

ती एका वेळी चार अंडी घालते. चकचकीत, तपकिरी-हिरवट, भोवऱ्याच्या आकाराची. घरटं म्हणजे तरी काय? तरंगत्या पानांवर चार काड्या! कधी तर नुसतं पानच. चार अंडी झाली की ती नराच्या स्वाधीन करते आणि दुसऱ्या नराकडे जाते. त्याच्यासाठी पुन्हा चार अंडी! मग तिसरा नर! एका मोसमात अशा दहापर्यंत खेपा होऊ शकतात.

तू म्हणशील, "केवढी अंडी! कशाला?" कारण ही अंडी फार धोक्यात असतात. जोराचा पाऊस आला, पाणी चढलं, की घरटं बुडतं. वरून कावळे, घारी. पाण्यातून साप. कितीतरी अंडी फुकट जातात. आईने तीच चार अंडी धरून बसायचं ठरवलं आणि ती गेली, तर सगळंच गेलं. ती मोकळी असली तर लगेच नवी अंडी घालू शकते. ती पळून गेली, आळशी आहे, असं मुळीच समजू नकोस! अंडी तयार करणं हे फार दमवणारं काम आहे आणि ती तेच पुन्हा पुन्हा करत असते.

आणि बाबा? बाबांचं तर विचारूच नकोस! तो तीन-चार आठवडे ती चार अंडी सांभाळतो. पाणी चढायला लागलं तर काय करतो, ठाऊक आहे? एकेक अंडं हनुवटी आणि छातीच्या मध्ये दाबून धरतो आणि सरकत सरकत दुसऱ्या, सुक्या पानावर नेऊन ठेवतो. हात नाहीत, पिशवी नाही, आणि खाली डुगडुगतं पान! लिंबू-चमचा शर्यत आठवली ना? इथे लिंबू पडलं तर परत उचलता येत नाही.

पिल्लं बाहेर आली की लगेच चालू लागतात. इवलीशी पिल्लं आणि पाय मात्र लांबच लांब! बाबा पुढे, पिल्लं मागे. किडे ती स्वतःच टिपतात. घार दिसली की बाबा इशारा देतो. मग पिल्लं पानांच्या आड पाण्यात अंग बुडवून बसतात. फक्त चोचीचं टोक वर, श्वासापुरतं!

कमळपक्ष्याचा एक भाऊबंद आहे, कांस्यपंखी कमळपक्षी. त्याचा बाबा तर आणखी पुढचा. पिल्लांना तो पंखांखाली घेतो, पंख अंगाशी घट्ट दाबतो आणि उठून चालायला लागतो! लांबून पाहणाऱ्याला वाटतं, या पक्ष्याला एवढे पाय कसे? बघावं तर पंखांखालून पिल्लांचे काडीसारखे पाय लोंबत असतात!

आता तुझी पाळी. दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा रानावर, पशुपक्ष्यांवर लिहिणारे लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. त्या आठवड्यात घरच्या मोठ्यांना घेऊन जवळच्या तळ्यावर जा. सकाळी लवकर, नाहीतर ऊन उतरल्यावर. कपडे मळखाऊ रंगाचे घाल. तुलाही लपायचंय ना! दुर्बीण नसली तरी चालेल. एका जागी न बोलता बसलं की थोड्या वेळाने पक्षी आपल्याला विसरतात आणि आपापल्या कामाला लागतात.

वहीत दोन रकाने कर, नर आणि मादी. काय दिसलं ते लगेच लिही. चोच, छाती, गळा, आवाज, कोण मोठं, कोण कुणाच्या मागे. नर की मादी ते कळलं नाही तर प्रश्नचिन्ह टाक आणि पुढच्या महिन्यात त्याच तळ्यावर परत जा. बदकांचे नर तोवर रंगायला लागलेले असतील!

एक वचन मात्र दे. घरटं दिसलं तर जवळ जायचं नाही. अंड्यांना हात लावायचा नाही, फोटोसाठी फांद्या बाजूला करायच्या नाहीत, दगड तर मुळीच मारायचा नाही. घरट्यावरचा पक्षी उठला की अंडी उघडी पडतात आणि कावळ्याला तेवढा वेळ पुरतो. लांबूनच बघ, पोटभर बघ, आणि घरी येऊन आई-बाबांना विचार, "ओळखा, तळ्यातली अंडी कोण उबवतं?"

बघू या, त्यांना तरी येतंय का!